तंबूला कडी नसते

किल्लीवाल्याचं दुकान म्हणजे झेरॉक्सवाल्याला आणि जिन्याला, दोघांनाही नको असलेली जागा. एक गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की दुकान झाकलं जातं. आत एक स्टूल, किल्ल्या कापायचं मशीन, कानशींचा डबा आणि भिंतभर खिळ्यांना लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या. वारा आला की त्या एकमेकींवर वाजतात आणि पलीकडून झेरॉक्सवाला ओरडतो, "काय रे, शाळा सुटली का?" हा विनोद केव्हाच शिळा झाला आहे, पण झेरॉक्सवाल्याचा धंदाच तसा. एकाच विनोदाच्या प्रती काढत बसतो.

माणूस हाताचा हलका. किल्ली आत राहून दार लागलं, पोर न्हाणीघरात अडकलं, की लोक धावत याच्याकडे येतात. हा आपली पिशवी उचलतो, दारासमोर उकिडवा बसतो, कुलपाला कान लावतो आणि लोकांचा घाम पुसून होईपर्यंत दार उघडलेलं असतं. कुलूप तोडणं त्याला कमीपणाचं वाटतं. "तोडायचंच तर दगड घ्या की, मला कशाला बोलावता?" असं म्हणतो. मालकानं हो म्हटल्याशिवाय त्यानं आजवर कुणाच्या कुलपाला साधा ओरखडाही काढलेला नाही.

इथवर सगळं छान. पण या धंद्याला दुसरी बाजू आहे आणि ती त्याच्या जिवाला लागली. ज्यांच्या घरात चोरी होते त्यांना दुसऱ्या दिवशी नवं कुलूप लागतं. मग हा जातो. दाराची चौकट फुटलेली असते आणि घरातली माणसं स्वतःच्याच उंबऱ्यावर पाहुण्यासारखी उभी असतात. एका घरी एक आजोबा, काय चोरीला गेलं ते राहिलं बाजूला, आपले घडी घातलेले सदरे कुणीतरी उलथेपालथे केले म्हणून रडत होते. किल्लीवाल्यानं मान खाली घालून स्क्रू पिळले आणि घरी आला. घरी आल्यावर त्यानं आपल्या दाराला आणखी एक कडी लावली.

असं होत होत त्याच्या दाराला वर कडी, खाली कडी, मध्ये लॅच, साखळी आणि बाहेरच्या जाळीला आतून कुलूप असा सगळा संसार जमला. बायको म्हणायची, "आपल्या घरात शिरायचं तर चोराला रजा टाकावी लागेल."

बायको शाळेची व्हॅन चालवते. भागातली निम्मी पोरं तिला व्हॅनवाली मावशी म्हणतात. तिचा स्वभाव नवऱ्याच्या नेमका उलटा. व्हॅनचं एकही दार लाथ मारल्याशिवाय बंद होत नाही आणि तिला त्याचं काही वाटत नाही. "लाथ मारली की लागतं ना? मग झालं," असं तिचं म्हणणं. नवऱ्याच्या कड्यांची ती थट्टा करायची, पण आड कधी आली नाही. प्रत्येकाला काहीतरी वेड असतं, याचं वेड निदान घरातल्या घरात आहे, असा तिनं विचार केला.

रोज झोपायच्या आधी किल्लीवाला फेरी मारायचा. आधी दार, मग गॅलरीचं दार, मग न्हाणीघराची खिडकी, आणि परत दार. थोरली मुलगी चालायला लागली तशी त्याच्या सदऱ्याचं टोक धरून मागे मागे यायला लागली. सतत काही ना काही ओढत, वाहत हिंडायची म्हणून घरात सगळे तिला मुंगी म्हणत. तिनं कडीला हात लावून "लागली!" म्हटलं की बापाला कोण कौतुक! येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "ही माझी मदतनीस." धाकट्या मुलाला, म्हणजे बोक्याला, या कशाशी देणंघेणं नव्हतं. तो जिथे बसेल तिथे झोपायचा.

कौतुकाचं पुढे काय झालं ते कळायला बापाला उशीर झाला. मुंगी एकदा झोपून परत उठायला लागली. पाण्याला उठली असेल, असं दोघांना वाटायचं. ती दार बघायला उठायची. सुट्टीत सख्ख्या मावशीकडे राहायला गेली, तर मावशीच्या दाराला एकच कडी. झोपायच्या वेळी फोन आला. पलीकडून मुंगी रडत नव्हती, नुसती म्हणाली, "बाबा, मला घेऊन जा." आणि हा शहाणा माणूस शर्टाची बटणं लावत लावत तिला आणायला गेलासुद्धा.

आणि मग शाळेतला मुक्काम आला. तिच्या शाळेत तिच्या इयत्तेतली मुलं एक रात्र शाळेतच राहतात. गोष्टी, खेळ, बाकं बाजूला सारून वर्गातच झोपणं. मुलं महिनाभर त्याचीच बडबड करत असतात. मुंगीनं मात्र बाईंना विचारलं, "शाळेच्या दाराला किती कड्या आहेत?" बाई हसल्या. मुंगी हसली नाही. म्हणाली, "मग मी येत नाही."

बाईंनी हे व्हॅनवालीला फाटकापाशी सांगितलं. त्या संध्याकाळी मुलं खाली खेळायला गेल्यावर बायकोनं किल्लीवाल्याला समोर बसवलं. तिचा आवाज चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती हळू बोलली.

"नाक तुमचं घेतलं पोरीनं, चालेल. हट्टीपणा माझा घेतला, तोही चालेल. पण ही धास्ती द्यायला नको होती हो तिला."

किल्लीवाला हातातल्या कपाकडे बघत राहिला.

"एक रात्र," बायको म्हणाली, "आपण चौघं अशा घरात झोपायचं, ज्याला दारच नाही. तुम्ही बरोबर असताना तिला तिथे झोप लागली, तर शाळेतही लागेल. नाही लागली, तर पुढच्या वर्षी काय, कधीच कुठे जायची नाही ती. आत्ताच काय ते बघू."

अशा रीतीनं तंबूचा बेत ठरला. शहरापासून थोडं लांब, तळ्याकाठी एक मैदान होतं. तिथे तंबू भाड्यानं मिळत. बायकोच्या दोन अटी होत्या. कुलपांची पिशवी घरी राहील, आणि फेरी नाही. किल्लीवाल्यानं दोन्ही कबूल केल्या. निघताना मात्र प्रवासी बॅगेचं एक पितळी कुलूप, बोटाच्या पेराएवढं, खिशात टाकलं. लावायचं म्हणून नव्हे. नुसतं जवळ असू दे म्हणून. सवयीच्या माणसाला रिकामा खिसा खायला उठतो.

मैदान सांभाळणारे काका सडपातळ आणि मितभाषी होते. "पाणी तिकडं, संडास तिकडं, काही लागलं तर हाक मारा," एवढं बोलून त्यांनी तंबूचं गाठोडं हवाली केलं आणि रस्त्यालगतच्या आपल्या खोलीकडे गेले. मैदानात दुसरं कुणीच नव्हतं. तळं शांत होतं, काठाला उंच गवत होतं आणि लांब एका टोकाला झाडाखाली बायकोनं व्हॅन लावली होती.

तंबू उभा करणं किल्लीवाल्यानं आपल्याकडे घेतलं. जो माणूस डोळे मिटून कुलूप खोलतो त्याला चार काठ्या आणि एक कापड म्हणजे काय विशेष! थोड्याच वेळात तो तंबूच्या आत होता आणि तंबू उभाच नव्हता. आतून त्याचा आवाज येत होता. बोका हसून हसून गवतात लोळला. शेवटी बायकोनं आणि मुंगीनं मिळून काठ्या ओवल्या, खुंट्या ठोकल्या आणि बापाला बाहेर काढलं. मग तंबू असा ताठ उभा राहिला की बापालाही तो आपणच उभा केल्यासारखं वाटायला लागलं.

मुंगी आत गेली. एकेका भिंतीवरून हात फिरवला. दाराची चेन वर केली, खाली केली. दाराच्या वरच्या भागाला जाळी होती, तीतून बाहेरचं तळं दिसत होतं. मग तिनं मान बाहेर काढली.

"बाबा, कडी कुठाय?"

बायको बटाटे धूत होती. तिचे हात थांबले.

"तंबूला कडी नसते," किल्लीवाला म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. चेन ओढायची आणि झोपायचं."

मुंगीनं मान आत घेतली. तिला पटलं नव्हतं हे तिच्या मानेवरूनच कळत होतं. आणि खरं सांगायचं तर किल्लीवाल्यालाही पटलं नव्हतं.

संध्याकाळ मात्र छान गेली. त्यांनी निखाऱ्यात बटाटे भाजले आणि ते बाहेरून कोळसा, आतून कच्चे निघाले. सगळ्यांनी ते मीठ लावून आवडीनं खाल्ले, आणि मग पाव आणि उकडलेली अंडी खाऊन खरं पोट भरलं. बोक्यानं तळ्यात एक बूट घालवला आणि परत मिळवला. बायकोनं व्हॅनमधल्या पोरांच्या नकला करून दाखवल्या, त्यात रोज आईला मिठी मारून रडणारा आणि वळणावर गेल्याबरोबर गाणं म्हणणारा एक पोरगा होता. मुंगीसुद्धा हसली. किल्लीवाल्याला वाटलं, निभावलं बहुतेक.

अंधार झाला तसे चौघं आत शिरले. बोका पांघरुणात पाय घालता घालताच झोपला. बायको आडवी झाली. किल्लीवाल्यानं चेन ओढून घेतली आणि उशी सारखी केली. मुंगी बसूनच होती. दाराला तोंड करून, गुडघ्यांना मिठी मारून.

"झोप की गं."

"तू झोप बाबा. मी बसते."

"का?"

"कुणीतरी बसायला पाहिजे ना? चेन तर कुणीपण उघडेल. तुला उद्या काम असतं. मी बसते."

ती हे अगदी समजूतदारपणे बोलली. एवढीशी पोर. अजून बुटाची नाडी धड बांधता येत नाही. आणि ती आईबापांना, भावाला निवांत झोपायला सांगून स्वतः राखण करायला बसली होती. हे तिला कुणी शिकवलं, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

शहाण्या बापानं या घटकेला काय करायला हवं होतं, ते तुम्हाआम्हाला बसल्या जागी सांगता येईल. तिला जवळ घ्यायचं, गोष्ट सांगायची, वाट बघायची. पण पोरगी समोर ताठ बसलेली असताना बापाला काही सुचत नाही. त्यानं खिशातून पितळी कुलूप काढलं. चेनच्या दोन्ही पकडींना टोकाशी भोकं होती, जणू त्यासाठीच ठेवलेली. त्यानं कुलूप त्यात अडकवलं आणि दाबलं. खट्ट.

"लागलं?" मुंगीनं विचारलं.

"लागलं."

तिनं कुलूप एकदा ओढून पाहिलं, आडवी झाली आणि लगेच झोपली.

अंधारात बायकोचा आवाज आला. "वाटलंच होतं मला." त्यात राग नव्हता. थकवा होता. ती कूस बदलून झोपली आणि किल्लीवाला तंबूच्या छताकडे बघत पडून राहिला. इतक्या लांब आलो, बायकोनं हौसेनं सगळं जमवलं, आणि आपण पोरीला काय सांगितलं? तर कुलपाशिवाय झोप येत नाही. शाळेचा मुक्काम गेला. कदाचित त्याच्या पुढचंही सगळं गेलं. स्वतःचा इतका राग त्याला पूर्वी कधी आला नव्हता.

पहाटे त्याला बोक्यानं उठवलं. बोका दोन्ही पाय एकमेकांत अडकवून उभा होता.

"बाबा, शू."

बाहेर फटफटत होतं. किल्लीवाला डोळे चोळत उठला, कुलूप हातात घेतलं, खिशात हात घातला आणि हात खिशातच राहिला.

आता इथे किल्लीवाल्याच्या धंद्यातला एक नियम सांगायला हवा. कुलूप आणि त्याची किल्ली एका जागी ठेवायची नाही. दुकानात कुलपं एका खणात, किल्ल्या दुसऱ्या खणात. गिऱ्हाइकांनाही तो हेच बजावतो, आणि न ऐकणाऱ्यांना व्याख्यान देतो. हा नियम त्याच्या हातात इतका मुरलेला, की आदल्या दिवशी मैदानात उतरताना हातानं आपलं आपणच ते काम केलं होतं. कुलूप खिशात राहिलं आणि किल्ली व्हॅनमध्ये, स्टिअरिंगशेजारच्या कप्प्यात गेली. दाबून लागणारं कुलूप लावायला किल्ली लागत नाही, त्यामुळे रात्री काही लक्षात आलं नाही. कुलपांची पिशवी अटीप्रमाणे घरी. थोडक्यात, ज्याला लोक अडकल्यावर बोलावतात तो माणूस आपल्या बायकापोरांसह स्वतःच्या कुलपानं कापडाच्या घरात अडकला होता.

"अगं," तो बायकोला हलवत कुजबुजला, "तुझ्या केसांत आकडा आहे का?"

"आकडा? आता कोण लावतं आकडे? कशाला?"

त्यानं सांगितलं. बायको उठून बसली. त्याच्याकडे बघितलं, कुलपाकडे बघितलं. मग तिनं पांघरुणाचा बोळा तोंडात कोंबला आणि ती अशी हसायला लागली की तंबूच्या काठ्या हलल्या.

"हसतेस काय? पोराला जायचंय!"

"काकांना हाक मारा," ती कशीबशी म्हणाली.

"मरेन पण मारणार नाही."

तेही खरंच होतं. उद्या झेरॉक्सवाल्याच्या कानावर गेलं असतं तर त्याला जन्मभर पुरेल एवढा नवा विनोद मिळाला असता. चेन हिसका देऊन तोडता आली असती, पण तंबू परक्याचा, आणि परक्याची वस्तू मोडायची हे त्याच्या हातून होणं शक्य नव्हतं. त्यानं बेल्टचा आकडा घालून पाहिला, तो जाड. बोका एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता आणि त्याचा चेहरा गंभीर होत चालला होता.

या गडबडीत मुंगी जागी झाली. ती उठून बसली, सगळ्यांकडे पाहिलं.

"काय झालं?"

कुणीतरी सांगायला हवं होतं. "किल्ली व्हॅनमध्ये राहिली," किल्लीवाला म्हणाला.

"म्हणजे आपल्याला बाहेर जाता येत नाही?"

"आत्ता नाही."

कुणी आत येईल, याचा मुंगीनं खूप विचार केला होता. आपल्याला बाहेर जाता येणार नाही, हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. आता रडते की काय, म्हणून बाप धास्तावला. पण रडणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती उठली आणि तिनं घरी जे केलं असतं तेच केलं. फेरी मारली. दार, मग ही बाजू, मग ती बाजू. तंबूच्या मागच्या भिंतीपाशी सगळ्यांच्या पिशव्या रचल्या होत्या. तिनं एकेक करून त्या ओढल्या.

मागे, जमिनीलगत, वारा खेळायला ठेवलेली एक झडप होती. कापडाचीच, मुलांच्या बुटांना असते तसली चर्र आवाज करून सुटणारी चिकटपट्टी लावलेली. पट्टी एका टोकाला धरून होती. बाकी सगळी सुटलेली होती आणि झडप वाऱ्यानं हळूहळू हलत होती. पलीकडे गवत दिसत होतं.

"तरीच मला रात्रभर पायाला गार लागत होतं," बायको म्हणाली.

मुंगीनं झडप वर उचलली. खाली सोडली. परत उचलली.

"बाबा," ती म्हणाली, "ही उघडीच होती. रात्रभर."

किल्लीवाल्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोचं हसू थांबलं होतं. आता पोरगी पुन्हा कधी म्हणून घराबाहेर झोपणार नाही, असं दोघांच्याही मनात एकदमच आलं.

"आणि कुणी आलं नाही," मुंगी म्हणाली.

"नाही."

"का नाही आलं?"

दुसरा कुणी असता तर काहीतरी ठोकून दिलं असतं. किल्लीवाल्याला ते जमेना. पोर खरंच विचारत होती, तेव्हा त्यानंही खरंच आठवून पाहिलं. आणि आठवताना त्याच्या लक्षात आलं की इतकी वर्षं आपल्याला फक्त फुटलेली दारं दिसली. शहरात दारं किती! रोज रात्री लागतात, सकाळी उघडतात, कुणी विसराळू तर नुसतं लोटून झोपतो, आणि काही होत नाही. पण आमच्याकडे काल रात्री काही झालं नाही, हे सांगायला त्याच्या दुकानात कोण येणार?

"कुणाला यायचंच नव्हतं गं," तो म्हणाला. "बहुतेक रात्री कुणालाच यायचं नसतं."

"मग तू इतक्या कड्या का लावतोस?"

"मला भीती वाटते म्हणून."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. हे त्यानं बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. मुंगी त्याच्याकडे बघत राहिली. बाबांना भीती वाटते, ही बातमी तिला नवीन होती. आजवर बाबा दार बघतात म्हणजे बाहेर नक्की काहीतरी असणार, असं ती धरून चालली होती.

"बाबा, शू!" बोका किंचाळला. चर्चा तिथेच संपली.

मुंगीनं झडपेतून आधी बोक्याला ढकललं, मग स्वतः सरपटत बाहेर पडली. किल्लीवाल्यानंही मागोमाग घुसायचा प्रयत्न केला. डोकं गेलं, एक खांदा गेला आणि बाकीचा माणूस तंबूतच राहिला. बायकोनं पाय धरून त्याला मागे ओढलं आणि झडपेतून व्हॅनची किल्ली बाहेर दिली.

"कप्प्यात छोटी किल्ली आहे. जाशील ना एकटी?"

"बोका आहे ना," मुंगी बाहेरून म्हणाली.

दोघं नवराबायको दाराच्या जाळीला नाक लावून बसले. बाहेर अजून नीट उजाडलं नव्हतं. तळ्यावर धुकं होतं. बोक्यानं पहिल्याच झुडपापाशी आपला कार्यभाग उरकला आणि सुखावून इकडेतिकडे पळायला लागला. मुंगी अनवाणी, ओल्या गवतातून व्हॅनकडे निघाली. मैदान काल एवढं लांब नव्हतं, असं किल्लीवाल्याला वाटलं. तिला सांगावं, नीट बघून जा. सांगावं, आधी व्हॅनच्या मागे कुणी आहे का बघ. तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यानं तोंड मिटलं. फार जड गेलं त्याला.

मुंगी व्हॅनपाशी पोचली. दार उघडलं, आत वाकली, बाहेर आली. दार परत लागेना, तेव्हा आईसारखीच एक लाथ मारली. आता येईल, असं म्हणून किल्लीवाला सरसावून बसला. ती आली नाही. तळ्याच्या काठाला गेली. बोका तिच्यामागे धावला. दोघं पाण्यात खडे टाकत राहिले. पलीकडच्या काठावरून पाखरांचा थवा उडाला आणि मुंगी मान वर करून तो दिसेनासा होईपर्यंत बघत उभी राहिली. एकदाही तिनं मागे तंबूकडे पाहिलं नाही.

"आईबाप कोंडून ठेवलेत, आणि बघा," बायको म्हणाली.

"हाक मारू?"

"अजिबात नाही."

मग ते दोघं कुलूपबंद तंबूत मांडीला मांडी लावून बसून राहिले. घाई कशाचीच नव्हती. इतकं निवांत दोघंच कुठे बसल्याला किती दिवस झाले, ते दोघांनाही आठवेना.

बऱ्याच वेळानं मागची झडप हलली. आधी चिखलानं माखलेला हात आत आला, त्यात छोटी किल्ली होती. मग मुंगीचं डोकं आलं. केस ओले, नाक लाल.

"ही घे."

"शाबास," किल्लीवाला म्हणाला. किल्ली घेतली.

मुंगीचं डोकं तिथेच राहिलं. काहीतरी मनात घोळत होतं.

"बाबा, शाळेच्या मुक्कामाला पांघरूण शाळेत देतात, की आपलं न्यायचं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आपलं न्यायचं," बायको म्हणाली.

"मग मी ते निळं नेणार. बोक्याला आधीच सांगून ठेवा." आणि डोकं बाहेर गेलं.

किल्लीवाला दाराकडे वळला, कुलूप हातात धरलं आणि किल्ली लावायला गेला. किल्ली भोकात जाईना. ती वरून घसरली, खालून घसरली. आयुष्यभर अंधारात कुलपं उघडणाऱ्या माणसाला चांगल्या उजेडात पेराएवढं कुलूप दिसेनासं झालं होतं. त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि पुन्हा प्रयत्न केला. मग बायकोनं किल्ली त्याच्या हातातून काढून घेतली, कुलूप उघडलं, आणि चेन ओढून दार सताड उघडं टाकलं.